‘कदाचित’च्या मागचं पुढचं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी घरात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. आठवीच्या वहीत एक वाक्य हटकून सापडतं: ‘पॉसिबली ही मे कम.’ चूक म्हणवत नाही, पण एकाच शंकेला दोन टोप्या. दोष मराठीचा. आपण ‘कदाचित आला असावा’ म्हणतो तेव्हा शंका क्रियापदातच असते, ‘कदाचित’ वरून येतं.

हा शब्द मुळात काळाचा. संस्कृतात कदा म्हणजे केव्हा, कदाचित् म्हणजे कधीतरी, एके काळी. कधीतरी घडलंच तर, या वळणाने तो शक्यतेत शिरला. गुजरातीत शेपूट झडून ‘कदाच’ झालं. बडोद्यात एकाच ओट्यावर दोन्ही ऐकू येतात.

‘कदाचित’ म्हणायला इंग्रजीने आधी नशिबाला हाक मारली. ‘परहॅप्स’मधलं ‘हॅप’ उत्तरेकडच्या नॉर्स लोकांचं, अर्थ दैव. ‘हॅपन’ आणि ‘हॅपी’ त्याचीच भावंडं. फ्रेंचातून आलेलं ‘पराडव्हेंचर’ १६११च्या बायबलात भेटतं, आता कुणी बोलत नाही. ‘मेबी’ म्हणजे ‘इट मे बी’चं गाठोडं, बस.

लॅटिन घराणं वेगळं. ‘पॉसिबली’च्या मुळाशी ‘करू शकणे’ आहे. ‘कन्सीव्हेबली’च्या मुळाशी आत घेणे, धारण करणे: पोटात गर्भ, तशी मनात कल्पना. आपल्याकडेही गर्भधारणा आणि मनाची धारणा एकाच धातूच्या, हे मुलांना सांगितलं की शब्द विसरत नाहीत.

बडोद्यात इंग्रजी मुरली ती संस्थानी काळात. सयाजीरावांच्या नोकरीत १८९३ साली आलेले अरविंद घोष पुढे बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत. शिकवण्यांना गाइडं मात्र पुढे मिळाली, आणि त्यांत ‘कन्सीव्हेबली’ म्हणजे ‘कल्पना करता येईल अशा रीतीने’! असं कोण बोलतं? घरातलीच आजी पावसाळा संपला तरी छत्री हातात देत म्हणते, ‘असू दे, न जाणो, पडेलही.’ ते ‘न जाणो’ आणि तो ‘ही’ मिळून कन्सीव्हेबली.

‘पॉसिबली’ची खोड निराळी. ‘कुड यू पॉसिबली’ म्हटलं की अदब, आपलं ‘जरा जमेल का?’ आणि ‘आय कान्ट पॉसिबली’ म्हटलं की शक्यता उरतच नाही. तिथे मराठीला एक ‘च’ पुरतो: शक्यच नाही.