गोजोच्या पुलावर अडकलेली गोष्ट

क्योतो शहरात गोजो पुलाच्या पश्चिम टोकाला, भर रहदारीत, बाहुल्यांसारखे गोंडस दोन पुतळे आहेत. एक नाजूक पोरगा आणि त्याच्यासमोर शस्त्र परजून उभा राहिलेला भिक्षू. उशिवाकामारू आणि बेन्केई. गोजोच्या पुलावर हे दोघे लढले, अशी लोककथा. जपानी मुलांना ही जोडी शाळेतल्या गाण्यापासून ठाऊक असते. गंमत अशी की ती लढत या पुलावर झालेलीच नाही. तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५९० च्या सुमारास गोजोचा पूल दक्षिणेला हलवला. जुन्या पुलाच्या जागी आज मात्सुबारा पूल आहे. आणि 'गिकेइकी' या जुन्या ग्रंथात तर पुलाचा पत्ताच नाही. तिथे दोघांची गाठ पडते गोजोच्या तेन्जिन देवळापाशी आणि पुढे कियोमिझू मंदिरात, कान्नोनच्या म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या दारात.

सोगो इशी यांचा २००० सालचा 'गोजो' हा चित्रपट याच भेटीवर उभा आहे. दिसायला देखणा, लांबी सव्वादोन तासांच्या थोडी वर, आणि संपल्यावर मात्र हाती फारसं काही लागत नाही. असं का होतं हे कळायला मूळ गोष्टीकडेच जावं लागतं.

११५९-६० च्या हेइजी बंडात मिनामोतो घराण्याचा योशितोमो हरला आणि पळताना मारला गेला. जिंकलेल्या ताइरा कुळाने, म्हणजे हेइकेंनी, त्याच्या लहान मुलांना जीवदान दिलं. त्यातलं तान्हं बाळ म्हणजे उशिवाकामारू. त्याला पुढे क्योतोच्या उत्तरेला कुरामाच्या मठात धाडलं. तिथे त्याचं नाव शानाओ झालं. वैरोचन बुद्धाच्या जपानी नावाचा तुकडा त्यात आहे. मठात पोथ्या वाचायच्या सोडून रात्री डोंगरात तेन्गू नावाच्या नाकाड्या वनदैवतांकडून तो तलवार शिकला, असं लोककथा सांगते. मोठेपणी तो योशित्सुने झाला आणि ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्रात त्याने हेइकेंचा निकाल लावला. या युद्धाचं महाकाव्य 'हेइके मोनोगातारी' सुरू होतं ते गिओन शोजाच्या घंटानादाने. गिओन शोजा म्हणजे श्रावस्तीचं जेतवन.

बेन्केईबद्दल मात्र इतिहास जवळजवळ मुका आहे. 'आझुमा कागामी' या बखरीत योशित्सुनेच्या माणसांत त्याचं नाव येतं, बस. बाकी सगळं लोकांनी भरलं. हिएई पर्वतावरचा हा दांडगा भिक्षू हजार तलवारी हिसकावून घ्यायचा पण करतो, नऊशे नव्याण्णव जमतात आणि हजाराव्या तलवारीच्या वेळी बासरी वाजवत एक पोरगा, उशिवाकामारू, समोर येतो. बेन्केई हरतो आणि जन्मभरासाठी त्याचा सेवक होतो. हे वाचताना मला दर वेळी अंगुलीमाल आठवतो. त्याचीही गणती शेवटच्या एकावरच अडली होती.

इशी हे सगळं उलटं फिरवतात. त्यांच्या चित्रपटात पुलावर रात्री हेइकेंची माणसं कापणारा 'राक्षस' शानाओच आहे आणि पूर्वायुष्यात रक्त सांडून भिक्षू झालेला बेन्केई त्याला संपवायला निघतो. कल्पना नवी वाटते, पण ती जुनी आहे. 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या 'हाशी बेन्केई' या नाटकात हेच आहे: बेन्केईचा सेवक त्याला सांगतो की गोजोच्या पुलावर बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा माणसं कापत सुटलाय, आज तिकडे जाऊ नका. बेन्केई जातोच. म्हणजे इशींनी गोष्ट मोडली नाही, उलट तिची एक काळी शाखा शोधून काढली. 'बर्स्ट सिटी'सारखे पंक चित्रपट काढलेल्या दिग्दर्शकाला हीच शाखा भावणार. तादानोबु आसानोचा थंडगार शानाओ आणि कुरोसावांच्या 'रान'मध्ये धाकटा मुलगा झालेला दाइसुके र्‍यू इथे बेन्केई, ही निवडही चोख.

मग घोडं अडतं कुठे? माझ्या मते पुलावरच. चित्रपट आपला सगळा दम त्या द्वंद्वासाठी राखून ठेवतो. जपानी प्रेक्षकासाठी मात्र पूल ही नुसती ओळख. तो गुंततो पुढच्या गोष्टीत. युद्ध जिंकून दिल्यावर थोरला भाऊ योरितोमो योशित्सुनेवर उलटला आणि त्याला उत्तरेकडे पळावं लागलं. हरणाऱ्याकडे झुकणाऱ्या मनाला जपानीत 'होगान-बीइकी' म्हणतात. होगान हा योशित्सुनेचाच हुद्दा.

त्या पळापळीतला अताकाच्या नाक्याचा प्रसंग 'कान्जिन्चो' या काबुकी नाटकाने १८४० पासून अमर केला. योशित्सुने आणि त्याची माणसं यात्रेकरू साधूंच्या वेषात, देवळासाठी देणग्या गोळा करायचं सोंग घेऊन. नाकेदार देणग्यांची यादी वाचून दाखव म्हणतो. बेन्केई कोरी गुंडाळी उलगडतो आणि ती खणखणीत वाचतो. तेवढ्यात हमालाच्या वेषातल्या योशित्सुनेवर संशय येतो. बेन्केई काठी उचलतो आणि आपल्या धन्यालाच बडवतो. नाकेदाराला सगळं कळलेलं असतं. तो त्यांना जाऊ देतो. नाका मागे पडल्यावर, जन्मात कधी न रडलेला बेन्केई रडतो.

जपानीत नडगीलाही 'बेन्केई रडतो ती जागा' असं नाव आहे. तिथे लागलं की त्याच्यासारख्यालाही पाणी येईल, इतकी ती हळवी. इशींचा बेन्केई सव्वादोन तास तलवार, आग आणि रक्तातून जातो, पण त्याची ती जागा कॅमेऱ्याला सापडत नाही.