सायलेन्सरमधली जाळी आणि टाकीतलं पेट्रोल

स्कूटरचा सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारी नळी, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. पण नव्या गाड्यांत धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची जाळी बसवलेली असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ लेप असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या लेपावरून जातात आणि त्यांची कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. हाच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर.

त्याची प्रकृती मात्र भलतीच नाजूक. पूर्वी इंजिनातली ठोकठोक थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. शिशाचा थर चढला की लेप निकामी होतो. म्हणून अमेरिकेत १९७५च्या मोटारींत कन्व्हर्टर येण्याआधी, १९७४ मध्येच, पंपांवर बिनशिशाचं पेट्रोल ठेवणं सक्तीचं झालं. शिसं माणसाला बाधतं हे त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. पंपावरचं पेट्रोल बदललं ते मात्र यंत्रासाठी! रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं.

शिसं गेलं, गंधक उरलं. ते लेपावरच्या जागा अडवून बसतं. जाळी चांगली तापली तर त्यातलं बरंचसं निघूनही जातं, पण स्कूटर धावते दोन-तीन किलोमीटर आणि थांबते. कन्व्हर्टरला नीट काम करायला साधारण २५०-३०० अंश सेल्सिअस लागतात; तेवढं तापेपर्यंत घर येतं. म्हणून धुराचे नियम कडक होतात तेव्हा पेट्रोलचेही करावे लागतात. भारतात २०२० साली धुराचे ‘भारत स्टेज-६’ नियम आले, तेव्हा पेट्रोलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली.

दुसरी अट हवेची. तिन्ही विषारी वायू एकाच वेळी निवळायचे तर एक ग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ ग्रॅम हवा हवी. हा तोल कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेला, सांभाळता येत नाही, म्हणून पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आले. पेट्रोलमध्ये इथेनॉल हे अल्कोहोलही मिसळतात; शुद्ध इथेनॉलला एका ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. त्यामुळे इथेनॉलचं प्रमाण वाढलं की सेन्सरवाली गाडी हिशेब जुळवून घेते; जुन्या कार्ब्युरेटरवालीला इंधन कमी पडतं आणि ती गचके देते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि टाकीत पुरेसं पाणी साठलं, तर पाणी-इथेनॉलचा वेगळा थर तळाशी बसतो आणि इंजिन नेमकं तिथूनच पितं.

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल? ऑक्टेन म्हणजे ठोकठोक न होऊ देण्याची क्षमता, जास्तीची ताकद नव्हे. कंपनीने सांगितलेलं पुरतं.

सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर मात्र इंजिन ऑइल जळतंय. त्यातलं फॉस्फरसही त्या जाळीवर जाऊन बसतं.