मोजणीचा इंटरफेस घेताना खोक्यावरचा १९२ पाहू नका

गावोगावच्या बिछायत केंद्रांकडे आता डिजिटल मिक्सर आणि डीएसपी क्रॉसओव्हर (आवाजाचे जाड-बारीक भाग आकडेमोडीने वेगळे करणारे यंत्र) आले आहेत. लग्नसराई संपली की हे सामान दारव्हा, आर्वीसारख्या गावांतल्या दुरुस्तीच्या टेबलावर येते आणि तक्रार एकच असते: आवाज फाटतो. किती फाटतो हे मोजायला लॅपटॉप, रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि चांगला ऑडिओ इंटरफेस (आवाजाचा सिग्नल लॅपटॉपमध्ये घेणारी-सोडणारी डबी) एवढे पुरते. पण बहुतेक जण खोक्यावरचे ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ वाचून इंटरफेस घेतात. मोजणीत या आकड्यांना फारसे वजन नाही.

सेकंदाला १,९२,००० नमुने घेतले की ९६ किलोहर्ट्झपर्यंतचे दिसते. १ किलोहर्ट्झच्या सुराची विकृती, म्हणजे यंत्राने त्यात घातलेले नको ते सूर, तपासायला ४८ भरपूर झाले. क्लास-डी मशीनचे (झपाट्याने चालू-बंद होत चालणाऱ्या अँप्लिफायरचे) स्विचिंग शेकडो किलोहर्ट्झवर चालते, ते १९२ मध्येही दिसत नाही. २४ बिटांचा हिशेब कागदावर १४६ डेसिबल येतो, पण आतल्या सर्किटची सरसर चांगल्या इंटरफेसलाही ११०-१२० च्या आसपास अडवते.

खरा प्रश्न इंटरफेसच्या स्वतःच्या विकृतीचा आहे. डीएसपीत १ किलोहर्ट्झचा सूर सोडला की बाहेर त्यासोबत थोडा २ किलोहर्ट्झचाही येतो. इंटरफेस आपलाही २ किलोहर्ट्झ त्यात मिसळतो. दोन्ही लाटा एका दिशेने हलल्या तर बेरीज होते, उलट हलल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात. दोन्ही उणे १०० डेसिबलच्या, म्हणजे ०.००१ टक्क्याच्या असतील, तर पडद्यावर उणे ९४ ही दिसेल किंवा काहीच दिसणार नाही. यंत्र बिघडलेले असूनही मोजणी त्याला निर्दोष ठरवू शकते! इंटरफेस १० डेसिबलने सरस असला तरी आकडा २.४ वर किंवा ३.३ खाली सरकू शकतो. २० ने सरस असेल तर चूक एका डेसिबलच्या आत राहते. सरसर अशी वागत नाही. तिची शक्ती नुसती मिळवली जाते, म्हणून तिथे १० डेसिबलच्या फरकाला चूक ०.४ चीच.

ही लपवाछपवी पकडता येते. बॅलन्स्ड केबलमध्ये (एकच सिग्नल सुलट आणि उलट अशा दोन तारांनी नेणाऱ्या) एका टोकाच्या टीआरएस पिनची टिप आणि रिंग, म्हणजे टोकाची आणि मधल्या कड्याची तार, अदलाबदल करून पुन्हा मोजा. सिग्नल उलटतो आणि दुसऱ्या हार्मोनिकची, म्हणजे त्या २ किलोहर्ट्झची, बेरीज वजाबाकी होते. दोन वाचनांत मोठा फरक पडला तर इंटरफेस ढवळाढवळ करतो आहे. तिसऱ्या हार्मोनिकला (३ किलोहर्ट्झ) ही युक्ती चालत नाही. तिथे मध्ये अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) घालून पातळी बदलावी लागते.

म्हणून घेताना लाइन इनपुट बॅलन्स्ड आहे का आणि तो माइक प्रीअँपला (माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटला) वळसा घालतो का, हे आधी पाहा. साध्या डॅकचे (डिजिटलचा आवाज करणाऱ्या यंत्राचे) २ व्होल्ट म्हणजे ८.२ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल), बॅलन्स्डचे ४ व्होल्ट म्हणजे १४.३, इनपुटने २० तरी सोसावे. गेन पायऱ्यांचा असावा, फिरते बटण पुन्हा त्याच जागी येत नाही. आणल्यावर आउटपुट खऱ्या केबलने इनपुटला जोडा (सॉफ्टवेअरमधला लूपबॅक नको, तो कन्व्हर्टरपर्यंत जातच नाही), ६५,५३६ बिंदूंचा एफएफटी (सिग्नलमधले सूर वेगळे करून दाखवणारे गणित) लावा आणि पातळी एकेक डेसिबलने वाढवा. विकृती सर्वांत कमी कुठे येते ती पातळी लिहून ठेवा. डीएसपी यूएसबीवरून चालत असेल तर त्याचे घड्याळ वेगळे असते, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये एफएफटीला ब्लॅकमन-हॅरिस ७ ही विंडो लावा, म्हणजे सुराचा पसारा शेजारी सांडत नाही. माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम बंदच हवा.

अँप्लिफायर थेट जोडू नका. १०० वॅट, ८ ओहमला २८ व्होल्ट असतात. १० किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक लावून ते २.६ वर आणा. ब्रिज मशीनचे (दोन अँप्लिफायर उलटसुलट जोडून चालवलेल्याचे) एकही टर्मिनल ग्राउंड नसते, तिथे शील्ड जोडली तर आउटपुट जाईल. भोंग्याच्या १०० व्होल्ट लाइनला हा विभाजक पुरत नाही.

सोन्याचा मुलामा दिलेली महागडी यूएसबी केबल बिट बदलत नाही, तिच्यावर पैसे घालू नका. ते अर्थिंगवर घाला. खेड्यातल्या बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनची तार कुठेच जात नाही. मग अॅडॉप्टरमधून गळणारा करंट ५०, १००, १५० हर्ट्झवर कंगव्यासारखे दात उभे करतो. लॅपटॉप बॅटरीवर घ्या. दात गेले, तर दोष तपासायच्या यंत्रात नव्हता.