बॅन्फ: गरम झऱ्यांचं गाव आणि ‘राहण्याची गरज’

कॅनडातल्या राष्ट्रीय उद्यानात वसलेल्या बॅन्फ या गावी मुक्कामाची आखणी करताना दोन नियम हमखास आडवे येतात. ज्या गुहेतल्या गरम कुंडामुळे हे गाव वसलं त्या ‘केव्ह अँड बेसिन’च्या पाण्यात हातही घालता येत नाही. आणि गावात एखादं घर घेऊन दरवर्षी सुट्टीला यावं म्हटलं, तर तीही सोय नाही. दोन्ही नियमांमागे एकच जुना प्रश्न आहे: या पाण्याजवळ राहायचं कुणी?

१८८३ मध्ये रेल्वेच्या तीन कामगारांना सल्फर माउंटनच्या पायथ्याशी ही गुहा ‘सापडली’. इथल्या मूळ रहिवासी स्टोनी नाकोडा लोकांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, त्यामुळे या शब्दाला अर्थ नाही. कामगारांनी मालकी सांगितली, आणखी दावेदार निघाले. शेवटी २५ नोव्हेंबर १८८५ रोजी सरकारने झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जमीन राखीव करून टाकली. १८८७ च्या कायद्याने ती ६७३ चौरस किलोमीटर झाली. १८८८ मध्ये रेल्वे कंपनीचं आलिशान हॉटेल उभं राहिलं, १८९९ मध्ये गिर्यारोहणासाठी स्वित्झर्लंडहून वाटाडे आणले गेले. श्रीमंत पाहुण्यांसाठी दारं उघडत असताना नाकोडांची तिथली शिकार मात्र बंद झाली. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७, प्रामुख्याने युक्रेनियन स्थलांतरितांना इथे कैदेत ठेवून रस्त्यांच्या कामाला जुंपलं होतं. त्यांची हिवाळी छावणी याच कुंडाशेजारी होती. कुंड बघायला गेलात तर हेही लक्षात ठेवून फिरावं.

आता ‘राहण्याची गरज’. बॅन्फमधली जमीन सरकारची, घरं भाडेपट्ट्यावरची. राष्ट्रीय उद्यानात गाव हवं कशाला, या प्रश्नावर निघालेला हा तोडगा आहे: गाव पाहुण्यांच्या सेवेसाठी, म्हणून इथे राहायचं ते ज्याला गरज आहे त्यानेच. गरज म्हणजे काय, हेही नियमात मोजून दिलेलं आहे. मुख्य नोकरी उद्यानाच्या हद्दीत हवी. किंवा इथे व्यवसाय हवा आणि तो रोज चालवायला तुम्ही स्वतः लागत असला पाहिजेत. निवृत्तीनंतर राहायचं तर निवृत्तीआधीची सलग ५ वर्षं इथेच काम केलेलं हवं. इथल्या मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण वेळ शिकणारे विद्यार्थी, पात्र रहिवाशांचे जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं चालतात. १९ मे १९११ पूर्वीच्या भाडेपट्टाधारकांच्या वंशजांनाही सूट आहे. पैसा कितीही असो, नुसत्या पैशावर वास्तव्य मिळत नाही.

१ जानेवारी १९९० पासून गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली, तरी हा नियम तसाच राहिला. १९९८ मध्ये व्यापारी बांधकामावरही मर्यादा आली. टीकाकार म्हणतात, यामुळे घरं टंचाईत गेली आणि हॉटेलात राबणाऱ्यांना एकेका खोलीत दाटीने राहावं लागतं. तक्रार खरी आहे. पण हा नियम नसता तर अर्धं गाव वर्षातले दहा महिने कुलूपबंद दिसलं असतं, आणि कामगारांना तेवढीही जागा उरली नसती. पाहुण्यांना याचा व्यवहारी अर्थ एवढाच: खोल्या मोजक्या आहेत, उन्हाळ्यासाठी कित्येक महिने आधी आरक्षण करा. घरगुती खोली घेत असाल तर परवाना आहे ना, हे आधी विचारा. नाहीतर उद्यानाच्या वेशीबाहेर कॅनमोरला मुक्काम करून रोज ये-जा करावी लागते.

कुंडाचा नियम गोगलगायीमुळे आला. लिंबाच्या बीएवढी ही गोगलगाय जगात फक्त इथल्या काही गरम झऱ्यांत आढळते. २००० मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं गेलं. पाण्यावरच्या शेवाळ-जिवाणूंच्या मऊ थरावर ती जगते. हाताला लागलेलं सनस्क्रीन किंवा कीटकरोधक पाण्यात उतरलं की तिला बाधतं आणि नुसतं पाणी ढवळलं तरी तो थर फाटतो. १९१४ साली मोठ्या थाटात उघडलेला तिथला पोहण्याचा तलावही १९९० च्या दशकात कायमचा बंद झाला.

डुंबायचं ते वरच्या ‘अप्पर हॉट स्प्रिंग्स’मध्ये. उंची १,५८५ मीटर, इमारत १९३२ ची, पाणी साधारण ३७ ते ४० अंश सेल्सिअस. पाऊस आणि वितळलेला बर्फ डोंगराच्या भेगांतून खोल जातो, तापतो आणि खडकातल्या भंगरेषेने वर येतो. म्हणूनच मोसमाप्रमाणे पाणी बदलतं: हिवाळ्याच्या अखेरीस धार बारीक होते, बर्फ वितळायला लागला की थंड पाणी मिसळून झरा कोमट होतो. धार फारच आटली तर नळाचं पाणी तापवून तलाव भरावा लागतो. चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकयुक्त पाण्याने ते काळे पडतात.

सल्फर माउंटनची पायवाट अप्पर हॉट स्प्रिंग्सच्याच वाहनतळापासून सुटते: एका बाजूने ५.५ किलोमीटर, चढ सुमारे ६५५ मीटर. आधी चढून या, मग पाण्यात उतरा. गरम पाण्याने रक्तदाब उतरतो आणि त्यानंतर चढायला गेलं की भोवळ येऊ शकते. हिवाळ्यात नागमोडी वळणांवर तुडवलेला बर्फ काचेसारखा गुळगुळीत होतो, बुटांना खिळ्यांच्या साखळ्या लावल्याशिवाय निघू नका. वाहनतळ लवकर भरतो. गावातून १ नंबरची बस थेट वर येते.

गाड्यांचा प्रश्न मात्र अजून धुमसतोय. २०२३ पासून उद्यानातल्या मोरेन लेक या तळ्याला खाजगी गाडी नेता येत नाही. गावातला मुख्य रस्ता उन्हाळ्यात फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवण्याची प्रथा २०२० मध्ये सुरू झाली, ती २०२४ च्या सार्वमतात थोडक्या मतांनी नाकारली गेली. त्या मतदानाचा हक्क अर्थात इथे राहण्याची ‘गरज’ असलेल्यांनाच होता.