ओक्लाहोमा सिटी बाँबस्फोट : सीक्रेट सर्व्हिसच्या सहा जणांची स्मृती

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील ओक्लाहोमा सिटी येथे १९ एप्रिल १९९५ रोजी झालेल्या बाँबस्फोटात एकूण १६८ जणांचा बळी गेला. त्यांपैकी सहा जण ‘सीक्रेट सर्व्हिस’ या संघराज्य सरकारच्या संरक्षण व तपास संस्थेचे होते. चार विशेष एजंट आणि दोन कार्यालयीन कर्मचारी. एकाच घटनेत या संस्थेची इतकी माणसे तिच्या इतिहासात कधीच गेली नव्हती.

सीक्रेट सर्व्हिस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते राष्ट्राध्यक्षांच्या मागेपुढे चालणारे, कानात यंत्र लावलेले अंगरक्षक. संस्थेची स्थापना मात्र १८६५ मध्ये बनावट नोटांना आळा घालण्यासाठी अर्थखात्यांतर्गत झाली. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि त्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाची जबाबदारी या संस्थेकडे आली. त्यामुळे तिच्या प्रादेशिक कार्यालयांत एरवीचे काम खोट्या नोटा आणि आर्थिक फसवणुकीच्या तपासाचे असते. कोणी मोठा नेता त्या भागात येणार असला की बंदोबस्ताची आखणीही तेच कार्यालय करते. ओक्लाहोमा सिटीचे कार्यालय असेच होते. आल्फ्रेड पी. मरा या नऊ मजली सरकारी इमारतीच्या नवव्या मजल्यावर ते होते. त्याच मजल्यावर अमली पदार्थविरोधी विभागाचे आणि दारू, तंबाखू व शस्त्रे नियंत्रण विभागाचेही कार्यालय होते. खालच्या मजल्यांवर सामाजिक सुरक्षा, गृहनिर्माण, कर्मचाऱ्यांची पतसंस्था अशी रोज लोकांची ये-जा असलेली खाती होती. दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर होते.

त्या बुधवारी सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी इमारतीच्या उत्तर बाजूला, रस्त्यालगत उभ्या केलेल्या भाड्याच्या ट्रकमधील स्फोटकांचा स्फोट झाला. अमोनियम नायट्रेट हे खत आणि इंधन यांचे ते सुमारे २,२०० किलो वजनाचे मिश्रण होते. इमारतीची दर्शनी बाजू वरपासून खालपर्यंत कोसळली आणि नऊही मजले एकावर एक येऊन पडले. मृतांमध्ये १९ बालके होती, त्यांपैकी १५ त्या पाळणाघरातली. ट्रक लावणारा टिमथी मॅक्व्हे हा अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेला सैनिक होता. टेक्सासमधील वेको येथे १९९३ मध्ये याच तारखेला एका धार्मिक पंथाच्या वसाहतीवरील सरकारी कारवाईचा जो भीषण शेवट झाला, त्याचा सूड म्हणून त्याने हा दिवस निवडला. त्याला ११ जून २००१ रोजी मृत्युदंड देण्यात आला. साथीदार टेरी निकल्स जन्मठेप भोगत आहे. मारेकऱ्यांविषयी एवढे पुरे. ही नोंद त्यांच्यासाठी नाही.

नवव्या मजल्यावर त्या सकाळी गेलेले विशेष एजंट म्हणजे ॲलन विचर, डोनाल्ड लेनर्ड, मिकी मरोनी आणि सिंथिया ब्राउन. विचर यांनी त्याआधी राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षण पथकात काम केले होते. ब्राउन त्या चौघांत सर्वांत तरुण होत्या. त्यांच्यासोबत कार्यालय व्यवस्थापक लिंडा मॅकिनी आणि तपास सहायक कॅथी सायडल यांनाही मृत्यू आला. कुठल्याही सरकारी कचेरीत वर्षे काढलेल्या माणसाला हे ठाऊक असते की अधिकारी येतात, बदलून जातात, पण कोणती फाइल कुठे आहे आणि कोणाचा निरोप कोणाला द्यायचा हे मॅकिनी आणि सायडल यांच्यासारख्या कर्मचाऱ्यांनाच माहीत असते. म्हणून त्यांची आठवण कशी ठेवली गेली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

वॉशिंग्टनमधील ज्युडिशिअरी चौकात १९९१ पासून कर्तव्यावर मृत्यू आलेल्या पोलीस व तपास अधिकाऱ्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. दर मे महिन्यात तेथे मेणबत्त्यांच्या प्रकाशात नावे वाचली जातात. मात्र त्या संगमरवरी भिंतींवर नाव कोरले जाण्यासाठी ती व्यक्ती कायदा राबवणारी अधिकारी असावी लागते. सीक्रेट सर्व्हिसने आपल्या मुख्यालयातील सन्मानभिंतीवर असा भेद ठेवला नाही. तेथे चार एजंटांसोबत मॅकिनी आणि सायडल यांचीही नावे आहेत, आणि तेच योग्य आहे. बाँबने हुद्दा विचारला नव्हता.

खुद्द ओक्लाहोमा सिटीत, पाडून टाकलेल्या इमारतीच्या जागेवर, १९ एप्रिल २००० रोजी राष्ट्रीय स्मारकाचे लोकार्पण झाले. त्याच्या दोन टोकांना दोन प्रवेशद्वारे आहेत, एकावर ९:०१ आणि दुसऱ्यावर ९:०३ ही वेळ कोरलेली. मधल्या मिनिटाच्या जागी, पूर्वीच्या रस्त्यावर, उथळ पाण्याचा संथ हौद आहे. त्याच्या बाजूच्या हिरवळीवर १६८ रिकाम्या खुर्च्या आहेत. कांस्याची पाठ, खाली काचेचा चौथरा आणि त्या काचेवर फक्त नाव. रात्री चौथरे आतून उजळतात. बालकांच्या १९ खुर्च्या आकाराने लहान आहेत, आणि त्यांच्याकडे पाहणे फार जड जाते. खुर्च्यांच्या नऊ रांगा म्हणजे इमारतीचे नऊ मजले. जी व्यक्ती ज्या मजल्यावर होती त्या रांगेत तिची खुर्ची. सीक्रेट सर्व्हिसचे सहाही जण त्यामुळे नवव्या रांगेत आहेत, मजल्यावरच्या आपल्या शेजाऱ्यांसह. समोरच्या उंचवट्यावर एक जुने एल्म झाड आहे. स्फोटात त्याच्या फांद्या भाजल्या, त्यांत काचा व पत्रे रुतले, तरी पुढच्या वसंतात त्याला पालवी फुटली. त्याची रोपे आता ठिकठिकाणी वाढत आहेत.

या स्फोटाने संरक्षणाच्या पद्धतीही बदलल्या. महिनाभरातच, २० मे १९९५ रोजी, सीक्रेट सर्व्हिसच्या शिफारशीवरून व्हाइट हाउससमोरील पेन्सिल्व्हेनिया मार्ग वाहनांसाठी बंद करण्यात आला, तो आजही बंद आहे. त्याच वर्षी सरकारी इमारतींच्या सुरक्षेचे निकष ठरवणारी आंतरविभागीय समितीही नेमली गेली.

दरवर्षी १९ एप्रिलला सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी स्मारकावर १६८ सेकंद मौन पाळले जाते. मग मृतांची नावे एकेक करून वाचली जातात.