लेकॉक : ओवऱ्यांवर थाटलेले घर

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात लेकॉकचा मठ १२३२ मध्ये सॅलिसबरीची काउंटेस एला हिने ऑगस्टीनियन या ख्रिस्ती पंथाच्या नन्ससाठी उभारला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी नाते तोडले आणि १५३६ च्या कायद्याने वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ खालसा केले. मोठ्या मठांची पाळीही लवकरच आली. लेकॉक जानेवारी १५३९ मध्ये राजाच्या ताब्यात गेले. १५४० मध्ये विल्यम शॅरिंग्टनने ते ७८३ पौंडांना घेतले.

त्याने सर्वांत आधी चर्च पाडले. छपराच्या शिशाला आणि घंटांना रोख भाव होता, घडीव दगड नव्या बांधकामाला कामी येई, आणि मुख्य म्हणजे तेवढ्या उंच, सलग दालनात खोल्या काढणे जिकिरीचे होते. चर्चची उत्तरेची भिंत मात्र त्याने ठेवली. आज घराची दक्षिणेकडची दर्शनी भिंत ती तीच.

राहण्याची सोय त्याने वरच्या मजल्यावर केली, जिथे नन्सचे शयनगृह आणि भोजनगृह होते. खालच्या दगडी कमानींच्या ओवऱ्या, सभागृह, शेगडीची खोली यांना फारसा हात लावला नाही. मध्ययुगीन लेकॉक आज पाहायला मिळते ते यामुळेच. कोपऱ्यावरचा अष्टकोनी मनोरा तेवढा त्याने नव्याने चढवला.

डेव्हनमधल्या बकलंड मठात नेमके उलटे घडले. तिथे ग्रेनव्हिल घराण्याने चर्चलाच घर केले आणि आत तीन मजले घातले. काम १५७६ मध्ये पुरे झाले. पुढे ते प्रसिद्ध दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकने विकत घेतले. अशा घरात अडचण ठरलेली असते: नव्या मजल्यांच्या जमिनी जुन्या कमानींना मध्येच छेदतात आणि खिडक्यांची उंची त्यांच्याशी जुळत नाही. बकलंडच्या बाहेरच्या भिंतीवर पाडलेल्या बाजूच्या दालनाच्या छपराची रेघ अजून दिसते. आमच्या मते वास्तू जपण्याच्या दृष्टीने लेकॉकचीच वाट चांगली.

लेकॉकची दिवाणखान्यासारखी मोठी बैठक १७५४-५५ मध्ये वास्तुरचनाकार सँडरसन मिलरने गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या धर्तीवर नव्याने बांधली. नंतरचा मालक आणि छायाचित्रणाचा एक जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने दक्षिणेच्या दर्शनी भागात पुढे आलेल्या खिडक्या बसवल्या. त्यांतल्याच एका जाळीदार खिडकीची निगेटिव्ह त्याने ऑगस्ट १८३५ मध्ये घेतली. आज उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी छायाचित्र-निगेटिव्ह. १९४४ मध्ये टॅल्बट घराण्याने वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवली.