अल्झायमरच्या रुग्णाची फिटची गोळी: एक दिवसही खंड नको

"आजोबांना महिनाभर फिट नाही, गोळी बंद केली तर चालेल ना?" हे आमच्या औषधाच्या दुकानात काउंटरवर सारखं विचारलं जातं. नाही चालणार. फिट थांबली आहे ती गोळी चालू आहे म्हणून. लेव्हेटिरासिटाम किंवा व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध एकदम तोडलं, तर फिट एकामागून एक, मध्ये शुद्धही न येता येऊ शकते. बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

अल्झायमरमध्ये फिट आली की दरवेळी हातपाय झाडले जातातच असं नाही. आजी जेवता जेवता थबकतात, नजर एकाच जागी, ओठ चघळल्यासारखे हलतात, बोटं पदराशी चाळा करतात. मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर येतात, पण गोंधळलेल्या. घरच्यांना वाटतं विसरभोळेपणा वाढला. असं त्याच तऱ्हेने पुन्हा झालं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि न्यूरोलॉजिस्टना दाखवा. ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) नॉर्मल आला तरी दाखवा.

मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108.

आता खंड कसा पडतो ते. गोळी गिळत नाहीत म्हणून ती कुटून शिऱ्यात कालवतात. व्हॅल्प्रोएटच्या 'क्रोनो' गोळीतून औषध तासन्‌तास सावकाश सुटतं. कुटली की सगळं एकदम रक्तात, आणि पुढच्या डोसआधीच असर ओसरलेला. गोळी दिल्यासारखी दिसते, खंड मात्र पडतो. त्यापेक्षा डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या. लेव्हेटिरासिटामचं सिरप बहुधा 1 मिलीला 100 मिग्रॅ असतं, म्हणजे 500 मिग्रॅला 5 मिली. तरी बाटलीवर वाचून घ्याच. घरचे चमचे लहानमोठे असतात, म्हणून मापाची सिरिंज आम्ही सिरपसोबत फुकट देतो. लेव्हेटिरासिटामने काहीजण चिडचिडे होतात, अंगावर धावून येतात. तेव्हाही गोळी न तोडता डॉक्टरांना फोन करा. डोस विसरला तर आठवताच द्या. पुढच्याची वेळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम कधीच नको.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो शेवटची गोळी संपल्यावर आल्याने. दिवाळीत आपल्या बडोद्यातले बरेच होलसेलवाले लाभपंचमीपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) उघडत नाहीत, उत्तरायणात म्हणजे संक्रांतीलाही तेच. आठ दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच या. स्ट्रिप कापताना नाव आणि मिग्रॅ असलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा, नुसता '...टाम' उरलेला तुकडा बघून 250 की 500 हे आम्ही सांगू शकत नाही, आणि अंदाजाने देणारही नाही.

चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून काहीजण नाराज होतात. फिटची औषधं शेड्यूल एचमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या यादीतली आहेत, ओळख असली तरी नियम तोच. कंपनीही आम्ही मनाने बदलत नाही. लघवीच्या जळजळीला सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा गुडघ्याला ट्रामाडॉल लिहून आणलंत तरी घरात फिटचा रुग्ण आहे हे आम्हाला सांगा: दोन्हींनी फिट येऊ शकते, म्हणून देण्याआधी आम्ही डॉक्टरांना फोन करतो. त्यात दहा मिनिटं जातात, ती आम्ही घालवणारच.

चिठ्ठीची झेरॉक्स आणि मोबाइल नंबर आमच्या वहीत नोंदवून ठेवलात तर गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आम्हीच फोन करू. दांडिया बाजार, रावपुरा परिसरात घरपोच देतो, वेगळे पैसे नाहीत.